वाळू अडवायला काथ्याची जाळी: घ्यायची तर 700 ग्रॅमची

किनाऱ्यावर वाळूची टेकडी पुन्हा धरायची म्हटलं की हल्ली काथ्याच्या जाळीचं नाव पहिलं निघतं. माल चांगलाच आहे, फक्त वजन बघून घ्यायला हवा. ही जाळी चौरस मीटरला 400, 700 आणि 900 ग्रॅम अशी मिळते. 400ची इतकी विरळ, की वारा जवळपास तसाच पार होतो. 900ची उतारावर अंथरायला ठीक, उभ्या कुंपणाला घट्ट पडते. 700ची साधारण निम्मी मोकळी असते आणि कुंपणाला हवं ते हेच. वारा थांबवायचा नसतो, मंद करायचा असतो. मंदावला की तो वाळू आपोआप खाली टाकतो. माडाच्या झापांची गच्च भिंत उभी केली तर वारा तिच्यावर आपटून खाली वळतो आणि बुडाचीच वाळू उकरून नेतो.

वजनात फसवणूक होते. ओला काथ्या जड भरतो, म्हणून एक चौरस मीटर तुकडा उन्हात खडखडीत वाळवून मगच तोलावा.

कोरडी बारीक वाळू ताशी वीसेक किलोमीटरच्या वाऱ्याला हलू लागते. कण उडतो, पुढे पडतो, पडताना दुसऱ्या कणांना उडवतो. त्यापुढे वारा सव्वापट झाला की वाहणारी वाळू जवळपास दुप्पट होते. पण हा सगळा खेळ जमिनीलगतचा, बहुतेक वाळू गुडघ्याच्या खालूनच जाते. म्हणून 1 मीटर उंचीची जाळी पुरते. दोन मीटरची घेणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं.

कोकणात हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावं. पावसाळ्यात वारा जोराचा असला तरी ओली वाळू उडत नाही, उलट लाटा किनारा खातात. खरी भर पडते ती पुढे, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. कुंपण उधाणाच्या भरतीच्या रेषेपासून चांगलं आत, टेकडीच्या पायथ्याशी घ्या. फार पुढे घेतलं तर पहिलंच उधाण ते नेईल; शिवाय वारा ज्या कोरड्या पट्ट्यावरून वाळू उचलतो, तोच अडेल.

बांबू दर 2 मीटरवर, निदान 1 मीटर खोल. जाळी बांबूच्या समुद्राकडच्या अंगाला बांधा, म्हणजे वारा ती बांबूवरच दाबतो आणि ताण नुसत्या गाठींवर येत नाही. खालची कड वीतभर पुरा. फट राहिली की वारा तिथूनच घुसतो. वरच्या कडेला सुंभ ओवला नाही तर काथ्या भिजून-वाळून झोळ पडतो. ही या मालाची खरी उणीव, महिन्याभराने ताणून बांधणं आलंच. नायलॉनची दोरी मात्र नको, ती टेकडीत गाडली जाते आणि तिथेच राहते. हिरव्या शेडनेटचंही तेच: मोकळेपणा योग्य निवडता येतो, पण उन्हाने तिचे धागे सुटतात आणि ते सगळे वाळूत.

कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर, म्हणजे वेळास, आंजर्ले किंवा गोव्यात मोरजी, गालजीबाग अशा ठिकाणी, सलग कुंपण अजिबात नको. फ्लोरिडात 3 मीटरचे तिरके तुकडे लावून मध्ये दोन मीटरहून जास्त वाट सोडतात, तीच पद्धत घ्यावी. आणि वाळूच्या टेकड्या 2019च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षित गटात येतात, त्यामुळे परवानगीशिवाय पहार मारू नका.

जाळी दोनेक वर्षांत कुजते, आणि तसंच हवं. तेवढ्यात मागे साठलेल्या वाळूत मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा हे वाळूतलं गवत रुजवून घ्याव्या लागतात. मर्यादवेलीचे हातभर तुकडे पावसाच्या तोंडावर लावा, निदान दोन पेरं वाळूखाली गेली पाहिजेत. हे केलं नाही तर जाळी कुजली की साठलेली वाळू पुन्हा उडून जाते.