कामापुरता गायलेला आवाज

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या जवारीचं, म्हणजे तार गुंजावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून जुळवण्याचं काम करतो. दिवसभर घोडी घासायची आणि तार छेडून बघायची. त्यामुळे गाणं कुठल्याही मुलखाचं असो, माझा कान आधी आवाजाकडे जातो. भाच्यानं दिलेली ब्राझीलच्या 'लेजियांव उर्बाना' या रॉक बँडची 'आ तेंपेस्ताजी' ही सीडी महिनाभर ऐकतोय. १९९६ चा अल्बम, नावाचा अर्थ वादळ. पोर्तुगीज मला येत नाही, अर्थ भाच्यानं सांगितला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गायक मला कमी पडला. ओळ संपायच्या आधीच श्वास संपतोय, आवाज बारीक, जवारी बंद झालेल्या तारेसारखा. आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, अशी नाहीच. पुढे कारण कळलं. गायक रेनातो रुसो तेव्हा एड्सनं खंगला होता. साथीदारांना अंदाज यावा म्हणून स्टुडिओत आधी कामापुरतं गाऊन ठेवतात, मग ते पुसून नीट गातात. इथं ते पुन्हा नीट गायचं झालंच नाही. 'आ व्हिया लाक्तेया', म्हणजे आकाशगंगा, हे एक सोडलं तर बाकी सगळा अल्बम त्या कच्च्या आवाजावर उभा आहे. २० सप्टेंबरला अल्बम बाजारात आला आणि ११ ऑक्टोबरला रेनातो गेला. वय ३६.

तेव्हापासून मी ही सीडी वेगळ्या कानानं ऐकतो. आवाज दमलाय, पण सूर ढळत नाही. 'आकाशगंगा'मध्ये तो दुपारभर अंगात ताप असल्याचं सांगतो, तेही तक्रारीचा सूर न लावता. तिथं माझी कानस हातातच राहते.

दादो व्हिला-लोबुसची गिटार त्याला जागा देते, पुढे पुढे करत नाही. कीबोर्ड मात्र काही ठिकाणी जास्त झालाय, इतक्या नाजूक आवाजावर एवढा थर नको होता. १५ गाणी एका बैठकीत जडही जातात.

आधीच्या अल्बमांवर हा बँड 'लेजियन सगळं जिंकतो' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य छापायचा. या वेळी ते नाही. त्याऐवजी कवी ओस्वाल्द जी आंद्राजी यांची ओळ आहे: ब्राझील म्हणजे झाडांनी आणि निरोप घेणाऱ्या माणसांनी भरलेलं प्रजासत्ताक.

घ्यायची असेल तर जरूर घ्या. गाडीत लावू नका, रस्त्याच्या आवाजात हा गळा बुडून जातो. रात्री हेडफोन लावा आणि पाचव्या गाण्यापासून सुरुवात करा.