सेमी-ऑटो ॲनालायझर आणि गाईंचे लालसर सीरम: वापरानंतरचा अनुभव

रसायन मिसळल्यावर नमुन्याला येणाऱ्या रंगाची तीव्रता मोजून रक्तातले घटक सांगणारे, ५४० नॅनोमीटरचा फिल्टर आणि फ्लो सेल असलेले हे यंत्र बहुतेक लहान प्रयोगशाळांत असतेच, त्यामुळे त्याची अधिक ओळख करून देत नाही. माझी प्रयोगशाळा हडपसरला आहे आणि गाई-वासरांचे नमुने दौंड-शिरूरकडून येतात. थेट बर्फाला टेकवून, उन्हात दुचाकीच्या डिकीतून किंवा सुई न काढताच जोराने ट्यूबमध्ये सोडून आलेल्या रक्तातल्या पेशी फुटतात आणि सेंट्रीफ्यूजनंतर वरचा द्रव, म्हणजे सीरम, लालसर दिसतो.

अशा नमुन्यांचे टोटल प्रोटीन सतत चढे येऊ लागल्याने मी तक्रार केली. इंजिनिअरने व्हिजिट चार्ज घेतला, दिवा बदलला आणि कंट्रोल सीरम (आकडा आधीच ठाऊक असलेले तपासणीचे सीरम) बरोबर आल्याचे दाखवून तो निघून गेला. कंट्रोल बरोबर येणारच. ते लाल नसते! विक्रीच्या वेळी जिचे एवढे कौतुक ऐकवले होते, ती ‘सॅम्पल ब्लँक’ची, म्हणजे नमुन्याचा मूळ रंग वेगळा मोजून वजा करण्याची, सोय कशी वापरायची हे त्यालाही सांगता आले नाही. तेव्हा या यंत्राला मी दोनच तारे दिले असते.

पुढे ती सोय स्वतः लावून पाहिली आणि मत बदलले. नुसत्या सलाइनमध्ये केलेला ब्लँक फसवा असतो, कारण बाययुरेटच्या (प्रोटीन मोजायच्या तांबेयुक्त द्रावणाच्या) अल्कलीत हिमोग्लोबिनचा लाल रंग तपकिरी होतो. कॉपर सल्फेट वगळून बाकी सर्व घटकांचे द्रावण केले, तेव्हा रंगाची भर नीट वजा होऊ लागली. तरीही आकडा पुरता खाली येत नाही, आणि तो दोष यंत्राचा नव्हे: हिमोग्लोबिन स्वतःच प्रोटीन असल्यामुळे तेही तांब्याशी जांभळा रंग देते. डेसिलिटरमागे अर्धा ग्रॅम हिमोग्लोबिन मिसळले, तर ४.८ ग्रॅमचे वासराचे सीरम ५.३ च्या आसपास दिसते, चीक नीट मिळाल्याची खूण मानली जाणारी ५.२ ची रेघ ओलांडली जाते आणि पुरेसा चीक न मिळालेले वासरू कागदावर सुखरूप ठरते. रिफ्रॅक्टोमीटरलाही हीच बाधा होते.

गडद नमुना मी परत मागवतो, मग डॉक्टर कितीही कुरकुरोत. बबेसिया (गोचिडांमार्फत पसरणारा, तांबड्या पेशी फोडणारा रोग) झालेल्या गाईचा दुसरा नमुनाही लालच येतो. तिथे याच ५४० च्या फिल्टरवर ड्रॅबकिन द्रावणाने सीरममधले मोकळे हिमोग्लोबिन मोजून वजा करता येते. एकाच फिल्टरवर दोन्ही कामे होतात, म्हणून आता चार तारे. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मात्र पुन्हा भरणार नाही; पुढचा दिवा मी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत शोधेन.