लामांच्या कळपाला जंतनाशक: ठरल्या तारखेला सर्वांना, की लेंडी तपासून गरजेपुरते?

लामांची खुरे छाटणे, लोकर कातरणे, लसीकरण करणे ही कामे केव्हा आणि कशी करावीत, याबाबत फारसा वाद नाही. खरा पेच पडतो तो जंतनाशकाच्या बाबतीत. संपूर्ण कळपाला ठरावीक महिन्यांनी सरसकट औषध पाजायचे, की लेंडी तपासून ज्या जनावराला गरज आहे त्यालाच द्यायचे, हे कळप हाती घेतानाच ठरवलेले बरे, कारण कुरणावरचे जंत एकदा औषधाला दाद देईनासे झाले की निवडीला वाव उरत नाही.

सरसकट पद्धत सोपी आहे, आणि हा गुण कमी लेखण्यासारखा नाही. तारीख ठरलेली असते, सूक्ष्मदर्शक लागत नाही, एकही जनावर राहून जात नाही. मात्र प्रत्येक खेपेस औषधाला न जुमानणारे थोडे जंत शिल्लक राहतात, आणि संपूर्ण कळपाला औषध दिलेले असल्याने त्यांच्याशी संकर होऊन त्यांचा जोर मोडेल असे साधे जंत फारसे उरत नाहीत. जठरात राहून रक्त शोषणाऱ्या हिमॉन्कस या जंताच्या बाबतीत हे विशेष महागात पडते. त्याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते आणि उबदार, ओलसर हवेत साधारण आठवडाभरात त्या अंड्यांपासून संसर्ग करू शकणाऱ्या अळ्या तयार होतात. शिवाय कळपातील बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, त्यामुळे सरसकट दिलेल्या औषधाचा बराचसा भाग विनाकारण खर्ची पडतो.

तपासणीच्या पद्धतीत कष्ट अधिक आहेत. लामा ठरावीक जागीच विष्ठा टाकतात. त्याने बाकीचे कुरण स्वच्छ राहते खरे, पण सामायिक ढिगातून उचललेली लेंडी कोणाची हे सांगता येत नाही. म्हणून हातमोजा घालून नमुना थेट गुदद्वारातून घ्यावा, पिशवीवर जनावराचा क्रमांक लिहावा आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो थंड ठेवावा. तपासणी कशी होणार आहे, हेही आधी विचारून घ्यावे. मॅकमास्टर काचपट्टीवरील नेहमीच्या मोजणीत जंताचे एक अंडे दिसले तर ते सहसा ग्रॅममागे 50 धरले जाते, त्यामुळे हलका संसर्ग तीत निसटू शकतो. आयमेरिया मॅकुसॅनिएन्सिस या कॉक्सिडियाची (आतड्यातील एकपेशीय परजीवीची) अंडकोशिका इतकी जड असते की साखरेच्या दाट द्रावणात अपकेंद्रण केल्याखेरीज, म्हणजे नमुना यंत्रात वेगाने फिरवल्याखेरीज, ती बहुधा हाती लागत नाही. त्यातही लेंडीत ती दिसू लागण्यापूर्वीच जनावर आजारी पडू शकते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे औषध लागू पडते की नाही हे कळते. औषध देण्याच्या दिवशी आणि त्यानंतर 10 ते 14 दिवसांनी अंडी मोजावीत. घट 95 टक्क्यांहून कमी भरली, तर जंत त्या औषधाला सरावले असल्याची शंका घ्यावी. सरसकट औषध पाजणाऱ्याला ही बातमी बहुधा जनावर खंगल्यावरच मिळते.

एका बाबतीत मात्र लेंडी काहीच सांगत नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पांढऱ्या शेपटीच्या हरणांमधील मेंदूआवरणाचा जंत गोगलगायींमार्फत लामांपर्यंत पोहोचतो. लामाच्या शरीरात त्याची वाढ पूर्ण होत नसल्याने विष्ठेत त्याचा माग लागत नाही आणि पहिले लक्षण म्हणजे मागचे पाय लटपटणे. तेथे अनेक पाळणारे दर महिन्याला आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक टोचतात, आणि नेमक्या त्याच सवयीमुळे हिमॉन्कस त्या औषधाला निर्ढावतो. अशा भागात हरणे आणि ओलसर सखल जागा कुंपणाने दूर ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तरीही टोचणी टाळता येत नसेल, तर बाकी जंतांसाठी तपासणी सोडू नये.

प्रयोगशाळा दूर असली तरी सरसकट औषधाकडे वळण्याची गरज नाही. लोकरीखाली लामाचा खंगलेपणा दिसत नाही, म्हणून बरगड्यांच्या मागे कमरेच्या कण्यावर तळहात ठेवून मांस चाचपावे. खालची पापणी उलटून आतला रंग फमाचा या रक्तक्षय ओळखण्याच्या रंगतक्त्याशी ताडून पाहावा. मुळात मेंढ्यांसाठी तयार झालेला हा पाच छटांचा तक्ता लामांनाही उपयोगी पडतो. जंतांचा जोर असलेल्या ऋतूत हे दर पंधरवड्याला केले, तर रक्तक्षय झालेले जनावर वेळीच वेगळे काढता येते.

पद्धत कोणतीही असो, मात्रा वजन करूनच ठरवावी, कारण कमी मात्रेने प्रतिकार वाढतो. मेंढ्यांची मात्रा लामांना अनेकदा अपुरी पडते, तर अल्बेंडाझोल हे जंतनाशक पिल्लांना घातक ठरू शकते. म्हणून हा हिशेब पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावा. बाहेरून आणलेल्या लामाला मात्र तपासणीच्या निकालाची वाट न पाहता वेगळे बांधून औषध द्यावे आणि दोन आठवड्यांनंतरच्या तपासणीत लेंडी स्वच्छ आल्यावरच कळपात सोडावे.