गॅस भरण्याआधी गळती शोधणारे गॅरेज

माझ्या गाडीचा एसी एकाच हंगामात दोनदा गार हवा देईनासा झाला आणि दोन्ही वेळा मी ज्या गॅरेजात गेलो, तिथे गॅस भरून मला परत पाठवण्यात आले. पहिल्यांदा भरलेला गॅस दोन महिने पुरला, दुसऱ्यांदा भरलेला सहा आठवडेही टिकला नाही. तिसऱ्या खेपेला तिथे कॉम्प्रेसरच (गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलावा लागेल असे ऐकल्यावर मी गाडी फक्त वाहनांच्या एसीचे काम करणाऱ्या दुसऱ्या गॅरेजात नेली. हे परीक्षण त्या दुसऱ्या गॅरेजातील कामाचे आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो हे खरे, पण दोन महिन्यांत गारवा नाहीसा होण्याइतका कमी झाला असेल, तर तो कुठून तरी गळलेलाच असतो. या गॅरेजात काम सुरू झाले ते हे गृहीत धरूनच.

बॉनेट उघडण्याआधी तिथल्या मुख्य कारागिरांनी मला विचारले, ‘‘गारवा हळूहळू कमी होत गेला, की एका दिवसात गेला?’’ हा प्रश्न मला आधी कोणीही विचारला नव्हता. गारवा एकाएकी गेला असेल, तर फ्यूज, रिले, पट्टा किंवा कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच यांच्याकडे आधी बघावे लागते. गाडी धावताना हवा गार आणि थांबली की कोमट होत असेल, तर कंडेन्सरच्या, म्हणजे गरम गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीच्या, पंख्यावर संशय जातो. आणि हवेचा झोतच मंद असेल, तर अनेकदा केबिन फिल्टर धुळीने बुजलेला निघतो. माझ्या गाडीत झोत चांगला होता, पंखा फिरत होता आणि गारवा आठवड्यागणिक कमी होत गेला होता. तरीही त्यांनी फिल्टर काढून पाहिला आणि हिटरची झडप नीट बंद होते आहे ना, याचीही खात्री करून घेतली.

त्यानंतर दाब मोजणारे गेज जोडले. इंजिन बंद असताना, बाहेर सुमारे ३० अंश तापमान असेल तर माझ्या गाडीत असलेल्या आर-१३४ए प्रकारच्या गॅसच्या प्रणालीत दोन्ही काटे ९५ ते १०० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास दिसायला हवेत. माझ्या गाडीत ते ६० वर होते. एसी चालू केल्यावर क्लच ‘टक्’ करून चिकटायचा आणि चार-पाच सेकंदांत सुटायचा, कारण दाब फार खाली गेला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. त्याच उघडझापीला आधीच्या गॅरेजात कॉम्प्रेसरचा बिघाड ठरवण्यात आले होते. उरलेला गॅस यंत्राने काढून वजन केले, तर तो जेमतेम ७० ग्रॅम भरला. बॉनेटखालच्या लेबलवर ४८० ग्रॅम लिहिलेले आहे.

आधीच्या गॅरेजात नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून, म्हणजे व्हॅक्यूम करून, ‘व्हॅक्यूम धरून ठेवला, म्हणजे गळती नाही’ असे मला ठामपणे सांगितले होते आणि मीही ते मान्य केले होते. या कारागिरांनी त्यातली चूक समजावून सांगितली. व्हॅक्यूम केल्यावर सांध्यांवर बाहेरून आत येणारा दाब फार तर एका वातावरणाचा, म्हणजे सुमारे १४.७ पीएसआय इतकाच असतो, आणि तो सांध्यातल्या रबरी रिंगला (ओ-रिंग) उलट दिशेने दाबतो. एसी चालू असताना मात्र जास्त दाबाच्या बाजूला आतून बाहेर दोनशे पीएसआयच्या घरात जोर असतो. त्यामुळे व्हॅक्यूम टिकला तरी बारीक गळती लपून राहू शकते. व्हॅक्यूमचे खरे काम आतली हवा आणि ओलावा काढणे हे आहे. म्हणून त्यांनी कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावत गेले.

कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या नळीच्या सांध्यापाशी त्यांनी मला वाकून बघायला सांगितले. तिथे रुपयाएवढ्या जागेत धूळ काळसर, तेलकट होऊन चिकटली होती, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते. ती जागा पुसून साबणाचे पाणी लावले, तेव्हा मोहरीच्या दाण्याहून बारीक बुडबुडे एकामागून एक येऊ लागले. सांधा उघडल्यावर निघालेली हिरवी ओ-रिंग एका बाजूने पार चपटी झाली होती. जिच्यासाठी मी कॉम्प्रेसर बदलायला निघालो होतो, ती वस्तू अंगठीपेक्षाही लहान होती, आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटले.

नवी रिंग तेल लावून बसवली, नायट्रोजनचा दाब अर्धा तास टिकला, मग पाऊण तास व्हॅक्यूम केला. गळलेल्या तेलाची भरपाई म्हणून गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचे थोडे तेल घातले आणि गॅस वजनकाट्यावर मोजून बरोबर ४८० ग्रॅम भरला. अंदाजाने जास्त भरला तरी गारवा कमीच होतो, शिवाय कॉम्प्रेसरवर ताण येतो, म्हणून हा वजनकाटा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान कामाआधी २४ अंश होते, नंतर ७ अंश झाले. दोन्ही आकडे त्यांनी मला थर्मामीटरवर दाखवले.

तक्रारी दोन आहेत. कामाला पूर्ण दिवस लागेल, हे त्यांनी आधी सांगायला हवे होते. मी दोन तासांच्या हिशेबाने गेलो होतो. दुसरे म्हणजे बिलावर नुसते ‘एसी दुरुस्ती’ असे लिहिले होते. गॅसचे वजन, तेल आणि बदललेला भाग वेगवेगळा लिहून द्या, असे मला सांगावे लागले, तेव्हा त्यांनी विनातक्रार लिहून दिले. नव्या गाड्यांमधील आर-१२३४वायएफ गॅसचे काम इथे होत नाही, कारण तो किंचित ज्वलनशील असल्याने त्याला वेगळे यंत्र लागते. फोन करतानाच आपल्या गाडीच्या लेबलवरील गॅसचे नाव सांगितले, तर खेप वाया जाणार नाही.

महिन्याभराने त्यांनी गाडी तपासणीसाठी बोलावली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता चार महिने होत आले आहेत. काल दुपारी मी स्वतः त्याच जाळीत थर्मामीटर लावून पाहिला, तेव्हा त्यावर ८ अंश दिसले.