नौपाड्यातला इंग्रजीचा क्लास: ‘टेक ऑफ’साठी दोन शनिवार

मी कळव्याला राहते, ठाण्यात एका सेंटरमध्ये एक्स-रे काढते. ‘चेन टेक ऑफ करा, बांगड्या टेक ऑफ करा’ हे दिवसभर तोंडात असतं. त्यामुळे टेक ऑफ म्हणजे काढणे, हे डोक्यात पक्कं. मार्चमध्ये सोनोग्राफीच्या डॉक्टरांचा मेसेज आला, ‘आय हॅव टु टेक ऑफ बाय फोर.’ चारपर्यंत रिपोर्ट काढून ठेवायचे असतील, असं समजून मी ते काढून ठेवले. मॅडम चारला निघून गेल्या. पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेल्या दोघींना मला परत पाठवावं लागलं. त्यातल्या एक आजी डोंबिवलीहून आल्या होत्या. फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात क्लास लावला.

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. शनिवारी सात ते साडेआठ, तीन महिन्यांचे साडेचार हजार.

आधीच्या एका क्लासमध्ये शंभर फ्रेजल व्हर्बची, म्हणजे ‘टेक ऑफ’सारख्या जोडक्रियापदांची, यादी पाठ करायला दिली होती. इथे बाईंनी फळ्यावर आधी ‘काढणे’ लिहिलं आणि म्हणाल्या, सांगा काय काय काढता. चप्पल, फोटो, तिकीट, कर्ज, रांगोळी, झोप, गरिबीतले दिवस, दुसऱ्याची उणीदुणी... फळा भरला. ‘यातलं काही कोणी पाठ करून घेतलं होतं का तुमच्याकडून?’

मग ‘ऑफ’ धरला. ऑफ म्हणजे होतं तिथून सुटणं. बांगडी हातातून सुटते, विमान धावपट्टीवरून, बिलातून शंभर रुपये, आणि माणूस कामावरून. डॉक्टरांचा मेसेज मला तिथे, बाकावर बसल्या बसल्या कळला. नवा धंदा जोरात चालायला लागला तरी टेक ऑफच, विमानासारखा.

दुसऱ्या शनिवारी शब्दांची जागा. ‘टेक ऑफ द रिंग’ चालतं, ‘टेक द रिंग ऑफ’ही चालतं. पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं, ‘टेक इट ऑफ’. मी इतकी वर्षं ‘टेक ऑफ इट’ म्हणत होते, कोणी सुधारलं नाही.

तक्रार एकच, पण मोठी. एका खोलीत बावीस जण. बोलायची पाळी येते ती जेमतेम दीड मिनिट, आणि बोलल्याशिवाय भाषा येत नाही. दोन बॅच करा, पाचशे रुपये जास्त घ्या, मी देईन. परदेशी शिक्षणाच्या परीक्षेची तयारी करायची असेल तर मात्र दुसरीकडे जा, इथे ती होत नाही.

गेल्या मंगळवारी हाताच्या एक्स-रेसाठी एक तमिळ आजोबा आले. बोट सुजलेलं, अंगठी रुतलेली. म्हणाले, ‘इट वोन्ट कम ऑफ.’ ‘कम ऑफ’ बाईंनी शिकवलं नव्हतं. मी साबण आणायला गेले.