ओपनबीएसडी: काही महिन्यांच्या वापराचा अनुभव, आणि ते चालतं ठेवायला लागणाऱ्या पैशांबद्दल

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर ओपनबीएसडी ७.६ घातलं. ही विंडोज किंवा लिनक्ससारखी, पण सुरक्षेवर भर देणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. नंतर घरात येणाऱ्या इंटरनेटच्या वायरीपाशी दोन लॅन पोर्टांचा एक छोटा बॉक्स राउटर म्हणून बसवला, त्यावरही तेच. तेव्हापासून दोन्ही रोज वापरात आहेत. अनुवादाचं काम, मेल, बँक, बिलं, मुलीचे ऑनलाइन क्लास, सगळं त्यावरच. माझं मत आधीच सांगते: राउटरसाठी डोळे मिटून घ्यावं, लॅपटॉपसाठी दोनदा विचार करावा, आणि वापरायचं ठरवलं तर त्यासाठी पैसे द्यावेत. या शेवटच्या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ही सिस्टिम जशी आहे तशी का आहे, याचं बरंचसं उत्तर तिथे सापडतं.

इन्स्टॉलेशन झटपट होतं. साध्या मजकुरात प्रश्न येतात, बहुतेकांना एंटर दाबलं तरी भागतं, संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची का हेही तिथेच विचारलं जातं. अडचण येते ती वायफायची. इंटेलच्या वायफायला लागणारं फर्मवेअर (त्या चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर) परवान्याच्या कारणाने सोबत येत नाही, ते नंतर नेटवरून उतरवावं लागतं, आणि नेट तर वायफायवरच. लॅनची वायर जवळ नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. ते लगेच ओळखलं जातं.

रोजच्या वापरात सगळ्यात आधी जाणवतं ते त्यांचं मॅन्युअल. एखादी सेटिंग कशी करायची हे शोधायला मला बाहेर जावं लागलं असं क्वचितच झालं. मॅन पानं, म्हणजे या मॅन्युअलची पानं, नीट लिहिलेली आहेत, उदाहरणं आहेत, आणि मुख्य म्हणजे ती आजच्या आवृत्तीशी जुळतात. राउटरवरचा पीएफ हा फायरवॉल (नको ती नेटवरची ये-जा अडवणारा प्रोग्रॅम) मी फक्त ती पानं वाचून लावला. नियमांची फाइल एका पडद्यात मावते आणि वाचली की समजते. डीएनएससाठी, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्यासाठी, अनबाउंड हा प्रोग्रॅम मूळ सिस्टिममध्येच आहे. हा बॉक्स एकदा लावला आणि नंतर त्याकडे फारसं बघावं लागलं नाही.

सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या की सिसपॅच ही एकच आज्ञा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. २०२५ च्या एप्रिलच्या शेवटी ७.७ आली तेव्हा सिसअपग्रेड ही आज्ञा चालवली, मशीन स्वतःच रीस्टार्ट झालं, चहा होईपर्यंत काम उरकलं होतं. त्यानंतर बाकीची पॅकेजेस अद्ययावत केली. काहीही मोडलं नाही.

काही गोष्टी पहिल्यांदा चक्रावतात. फायरफॉक्समधून मेलला फाइल जोडायला गेलं की होम फोल्डर जवळजवळ रिकामा दिसतो. फायली हरवलेल्या नसतात. ब्राउझरला फक्त डाउनलोड्स फोल्डर आणि कामापुरत्या काही जागा दिसाव्यात असं मुद्दाम ठरवलेलं आहे. प्लेज आणि अनव्हील या दोन यंत्रणांचं हे काम: प्रोग्रॅमने सुरुवातीलाच सांगायचं की मला एवढंच लागेल, आणि त्यापलीकडे त्याने काही मागितलं तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नकार देतो किंवा तो प्रोग्रॅमच बंद करतो. प्लेज २०१६ च्या ५.९ आवृत्तीपासून पूर्णपणे वापरात आलं, अनव्हील २०१८ च्या ६.४ पासून. आता जोडायची फाइल आधी डाउनलोड्समध्ये टाकायची सवय झाली आहे, आणि एखादी वाईट वेबसाइट ब्राउझर फोडून आत आली तरी माझ्या ग्राहकांची कागदपत्रं तिला दिसणार नाहीत हे माहीत आहे. माइक आणि कॅमेऱ्याचंही तसंच. दोन्हींचं रेकॉर्डिंग मुळात बंद असतं. क्लासच्या आधी चालू करायचं, संपला की बंद.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड एका ओळीच्या सेटिंगने चालू होतो. ब्राउझर आणि लिबरऑफिसमध्ये नोटो फॉन्ट घातल्यावर जोडाक्षरं व्यवस्थित दिसतात. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मात्र नाही. तिथे वेलांट्या आणि अर्धी अक्षरं सुटी पडतात, त्यामुळे मराठी नावाच्या फायली टर्मिनलमध्ये वाचणं कठीण जातं. सिस्टिमचे संदेश इंग्रजीतच येतात आणि ते मराठीत येण्याची काही सोय नाही.

आता तक्रारी. ब्लूटूथ नाही. होतं ते २०१४ मध्ये काढून टाकलं, कारण ते नीट चालत नव्हतं आणि सांभाळणारं कुणी नव्हतं. म्हणजे वायरचा हेडफोन. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर विचारही करू नका. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवणं) सुरक्षेच्या कारणाने २०१८ पासून मुळात बंद असतं, त्यामुळे दोन कोअरच्या लॅपटॉपवर ब्राउझर जड वाटतो, पंधरा-वीस टॅब उघडल्यावर तर नक्कीच. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट: फाइल सिस्टिमला जर्नलिंग, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची आधी नोंद ठेवण्याची सोय, नाही. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी सुरू होताना डिस्क तपासली जाते, आणि विभाजन मोठं असेल तर बराच वेळ जातो. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निभावतं. राउटरचा बॉक्स इन्व्हर्टरवर टाकल्याशिवाय पावसाळ्यात चैन पडलं नसतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल की हे सगळं अजून का झालं नाही. मीही हा प्रश्न घेऊनच या प्रकल्पाचा इतिहास वाचायला बसले.

थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी या अशाच दुसऱ्या सिस्टिमपासून वेगळं होऊन हा प्रकल्प सुरू केला. तो कॅनडातल्या कॅलगरीतून चालतो. मागे कोणतीही कंपनी नाही. बहुतेक डेव्हलपर आपापली नोकरी सांभाळून हे काम करतात. बरीच वर्षं उत्पन्नाचा मोठा भाग सीडी, टी-शर्ट आणि पोस्टरच्या विक्रीतून यायचा. लोकांनी सीडी घेणं कमी केलं तसा तो आटत गेला. २०१६ ची ६.० ही सीडीवर निघालेली शेवटची आवृत्ती.

मोठा पैसा एकदा आला होता. २००१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत सुमारे २३ लाख डॉलरचं अनुदान दिलं, आणि त्यातला एक भाग ओपनबीएसडीच्या वाट्याला आला. २००३ मध्ये थिओंनी एका कॅनडियन वृत्तपत्राशी बोलताना इराक युद्धाबद्दल नापसंती दाखवली. त्यानंतर लवकरच ते अनुदान थांबवण्यात आलं. डेव्हलपरांची एक मोठी बैठक, ज्याला ते हॅकेथॉन म्हणतात, तोंडावर आली होती. ती लोकांच्या देणग्यांवर पार पडली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. एकाच दात्यावर अवलंबून राहिलं की काय होतं हे त्यांनी तेव्हाच पाहिलं. पुढे २००७ मध्ये देणग्या आणि खर्च सांभाळायला कॅनडात ओपनबीएसडी फाउंडेशन स्थापन झालं.

तरीही २०१४ च्या जानेवारीत प्रकल्प बंद पडण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि कारण होतं विजेचं बिल. वर्षाला २०,००० डॉलरच्या आसपास. नव्या आवृत्त्या ज्यांवर तयार होतात ती मशीनं थिओंच्या घरातच रॅकमध्ये चालू असतात, आणि त्यांत स्पार्क, पॉवरपीसी, अल्फा अशा वेगळ्या प्रोसेसरांची जुनी, दुर्मीळ यंत्रं आहेत. जुनी यंत्रं बंद करा असा सल्ला तेव्हा पुष्कळांनी दिला. त्यांनी तो मानला नाही, आणि त्यामागचं कारण मला पटलं. वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर तोच कोड चालवला की इंटेलवर वर्षानुवर्षं दडून राहिलेल्या चुका उघड्या पडतात. ते बिल म्हणजे तपासणीचा खर्च आहे. शेवटी रुमानियातल्या एका बिटकॉइन व्यावसायिकाने रक्कम भरली आणि पाठोपाठ इतर देणग्याही आल्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हार्टब्लीड उघडकीला आलं. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण एन्क्रिप्ट करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधल्या त्या एका चुकीने जगभरचे सर्व्हर उघडे पडले. ओपनबीएसडीच्या लोकांनी तो कोड घेऊन लिबरएसएसएल ही स्वतःची आवृत्ती सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात ९०,००० हून अधिक ओळी काढून टाकल्या. तीन महिन्यांपूर्वी ज्यांच्याकडे विजेचे पैसे नव्हते त्यांनी हे काम अंगावर घेतलं.

दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्यासाठी वापरलं जाणारं ओपनएसएसएच याच प्रकल्पातून आलेलं आहे, १९९९ पासून. जगातला जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हर, प्रत्येक मॅक आणि आता विंडोजसुद्धा ते वापरतं. पुण्यातल्या किंवा बंगळूरमधल्या आयटी कंपनीत बसून कुणी क्लाउडवरच्या मशीनमध्ये शिरतं तेव्हा बहुधा यांचाच कोड चालतो. परवाना इतका मोकळा आहे की कुणालाही एक पैसा द्यावा लागत नाही. काही कंपन्यांनी दिला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोठी देणगी दिली, नंतर चीनमधली स्मार्टिसान ही फोन कंपनी सर्वांत वरच्या श्रेणीची देणगीदार झाली. पण ओपनएसएसएचवर ज्यांचा धंदा उभा आहे त्यांची यादी आणि देणगीदारांची यादी शेजारी ठेवली की वाईट वाटतं.

म्हणून ब्लूटूथ नसण्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. जे सांभाळायला माणूस नाही ते ठेवायचं नाही हा त्यांचा नियम आहे. ज्या शिस्तीमुळे मॅन पान आणि कोड जुळतात, अपग्रेड मोडत नाही, तीच शिस्त ब्लूटूथ काढून टाकते. जर्नलिंग मात्र व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं. वीज जाणाऱ्या देशांतल्या वापरकर्त्यांसाठी तो चैनीचा विषय नाही, आणि अशा दीर्घ कामाला कुणाचा तरी पूर्ण वेळ लागतो, म्हणजे पुन्हा पैसे.

भारतातून द्यायचे तर थोडी खटपट आहे. यूपीआय चालत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात, चलन बदलण्याचं शुल्क वेगळं पडतं, आणि ८०जीची सवलत मिळत नाही. खटपट नको असेल तर आपल्याकडच्या कंपन्यांना विचारायला हरकत नाही. झेरोधाने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला आहे. अशी आणखी चार नावं सहज होऊ शकतात, निदान ज्यांचे सगळे सर्व्हर एसएसएचवर चालतात त्यांची.

मी पूर्वी दरवर्षी अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाला जेवढे भरत होते तेवढे आता फाउंडेशनला देते, अर्धे एप्रिलच्या आवृत्तीला आणि अर्धे ऑक्टोबरच्या.