स्वातंत्र्यावर लिहायचंय, कथा कुठली घ्यावी? शोपॅनची की चेखवची?

कथानक, संघर्ष आणि स्वातंत्र्याचा आशय यांवर निबंध लिहायचा असेल तर दोन जुन्या कथांची नावं हमखास पुढे येतात. अमेरिकी लेखिका केट शोपॅन यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ (१८९४) आणि रशियन लेखक अंतोन चेखव यांची ‘द बेट’ (म्हणजे पैज, १८८९).

कथानक उलगडून दाखवायला चेखव सोपे. फाशी बरी की जन्मठेप, यावर मेजवानीत वाद रंगतो. कोणी वर्षानुवर्षं एकांतात कोंडून राहू शकणार नाही, अशी वीस लाख रूबलची पैज बँकर लावतो. तो पाच वर्षं म्हणतो, तर पंचविशीतला वकील आपणहून पंधरा म्हणतो आणि बँकरच्या बागेतल्या घरात स्वतःला कोंडून घेतो. पुढचं सगळं वर्षांच्या क्रमाने येतं: पियानो, मग अभिजात ग्रंथ, भाषा, तत्त्वज्ञान, बायबल. शेवटी कर्जात बुडालेला बँकर त्याचा खून करायला निघतो. उत्कंठा आहे, कलाटणी आहे, तक्ता मांडून लिहिता येईल इतकी शिस्त आहे.

शोपॅनच्या कथेत घडतं फार थोडं. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते. हृदयविकार असलेली लुईझ रडते आणि खोलीत उघड्या खिडकीसमोर एकटी जाऊन बसते. तासाभरात नवरा धडधाकट घरी येतो आणि तीच कोसळते. अतिआनंदाने गेली, असं डॉक्टर सांगतात. खोलीत तिच्या मनात काय चाललं होतं, हे फक्त वाचकाला ठाऊक असतं.

संघर्षावर लिहिताना मात्र इथेच बहुतेक निबंध घसरतात. नवऱ्याला जुलमी ठरवलं की काम सोपं होतं, पण कथेत त्याला आधार नाही. त्याने तिच्याकडे कायम प्रेमानेच पाहिलं, असं कथा स्पष्ट सांगते. आपली इच्छा दुसऱ्यावर लादण्याचा हक्क स्त्री-पुरुष दोघेही गृहीत धरतात, हेतू चांगला असला तरी तो गुन्हाच, हे लुईझला त्या तासात उमगतं. तेही सहज नाही. मनात शिरू पाहणारी मोकळेपणाची भावना ती आधी परतवून लावायला बघते आणि मगच तिच्या तोंडून ‘मुक्त’ हा शब्द निघतो. उघड्या खिडकीच्या प्रतीकावर पानं भरण्यापेक्षा या प्रतिकारावर परिच्छेदभर लिहा. लेखिकेचे वडीलही रेल्वे दुर्घटनेतच गेले होते, पण निबंध त्यावर उभारू नका.

‘द बेट’मधला वकील मनात आणेल तेव्हा बाहेर पडू शकतो आणि हेच त्याला छळणार, असं बँकर आधीच बजावतो. शेवटी मुदतीच्या पाच तास आधी तो पैशांवर पाणी सोडून निघून जातो. पण त्याच्या पत्रात स्वातंत्र्याचाही तिरस्कार आहे. मग ही मुक्ती की हार? वर्गात वाद घालायला याहून चांगला प्रश्न नाही. अडचण एवढीच की त्या पत्राआधी त्याचं मन आपल्याला मुख्यतः पुस्तकांच्या यादीतूनच दिसतं. तिथे विद्यार्थी अंदाज बांधू लागतात आणि पुराव्याला ओळी सापडत नाहीत.

कथानकाला जास्त गुण असतील किंवा गटात चर्चा करायची असेल तर चेखव घ्या. विषयात ‘स्वातंत्र्य’ ठळक असेल तर मी शोपॅनच सुचवेन. कथा जेमतेम हजार शब्दांची आहे, त्यामुळे हव्या त्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा जाता येतं.